जर वितळला, काठ उरले

पैठणी पिढ्यान्‌पिढ्या टिकते, असे विकणारा सांगतो आणि घेणारीलाही ते ऐकायला आवडते. मग शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या पैठण्या आज घरोघरी का दिसत नाहीत? काही कसरीने खाल्ल्या, काही ओलीने कुजल्या. पण बऱ्याच पैठण्या विस्तवात गेल्या, त्याही घरच्यांच्या संमतीने. जुने जरीचे लुगडे जाळून त्यातली चांदी काढून घेणे हा कोणी लपूनछपून करत असलेला उद्योग नव्हता. तो रीतसर धंदा होता. जुना जर विकत घेणारे दारावर येत, सराफाकडेही तो मोडीत घालता येई.

कारण जर खराच असे. चांदीच्या लगडीवर सोन्याचा पत्रा चढवायचा, ती लगड तापवून-ठोकून लांबवायची आणि मग एकाहून एक बारीक भोकांतून ओढत तिची केसासारखी तार करायची. तारकसाच्या या खेचाखेचीत सोने पातळ होत जाते, पण चांदीला सोडत नाही. ती तार चपटी करून पिवळ्या रेशमाच्या धाग्यावर गुंडाळली की जर तयार. डोळ्यांना दिसते ते सोने, वजन मात्र चांदीचे. मोडीचा भावही त्यामुळेच चांदीच्या हिशेबाने ठरे.

जर काढण्याची रीत साधी होती. काठ आणि पदर कापून वेगळे करायचे, ते जाळायचे, उरलेली राख मुशीत टाकणखारासह वितळवायची. रेशीम जळून जाते, धातू तळाशी गोळा होतो. त्यातले सोने वेगळे करायचे तर तेजाब लागे, कारण तेजाबात चांदी विरघळते आणि सोने तसेच राहते. मोर, कमळे, आसावलीचे वेल यांना या हिशेबात जागा नव्हती. विणकराने महिनोन्‌महिने मागावर बसून भरलेली नक्षी तराजूत शून्य भरे.

पैठणला वस्त्रांचा लौकिक जुना आहे, पण तो सांगताना अलीकडे हात जरा सैल सुटतो. ‘दोन हजार वर्षांची पैठणी’ असे पाट्यांवर लिहिलेले असते आणि पुराव्यादाखल पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्ताचे नाव पुढे केले जाते. त्यात पैठण आहे, नाही असे नाही. पण तिथून भडोचच्या बंदराकडे गाड्या भरून जायचे ते अकीकासारखे दगड. कापड, मलमल यांची नोंद आहे ती तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या नावावर. पैठण ही सातवाहनांची राजधानी श्रीमंत होती आणि श्रीमंत शहरात चांगले विणकर असणारच, एवढे म्हणता येते. आज आपण जिला पैठणी म्हणतो तिचा धागा मात्र मोगलाईत आणि पेशवाईत नीट हाती लागतो. पेशव्यांच्या पत्रव्यवहारात आसावली दुपट्ट्यांच्या मागण्या येतात, रंगांच्या नावांसकट. पुढे निजामाच्या घराण्याने हा आश्रय चालू ठेवला.

नाशिक जिल्ह्यातले येवले या गोष्टीत सतराव्या शतकात येते. रघोजी नाईकांनी गाव वसवले आणि बाहेरून विणकर, व्यापारी आणून त्यांना तिथे जागा दिली. १८७८ साली दौंड-मनमाड रेल्वे सुरू झाली, येवल्याला स्टेशन मिळाले. १८८३ च्या नाशिक गॅझेटियरने रेशीम आणि जर यांच्या कामासाठी या गावाची दखल घेतली आहे. पैठणचे नाव कापडाला राहिले, धंदा येवल्यात फोफावला. आजही पैठणी घ्यायला निघालेले वऱ्हाड बहुधा येवल्याचीच वाट धरते.

मागावर पैठणीचे अंग झपझप पुढे सरकते, पदर आला की विणकराचा हात मंदावतो. अंगासाठी धोटा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. पदरात तसे चालत नाही. तिथे जमीन जरीची आणि नक्षी रेशमाची. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी तिल्ली त्या-त्या जागी लोंबत असते. मोराच्या मानेचा निळा त्या मानेपुरता जातो, शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकतो आणि परत फिरतो. हिरवा पानापुरता, लाल चोचीपुरता. फणी ठोकायची आणि पुन्हा सगळ्या तिल्ल्या एकेक करून हाताने फिरवायच्या, तेव्हा कुठे एका धाग्याची भर पडते. म्हणूनच अस्सल हातमागाची पैठणी उलटी करून पाहिली तरी नक्षी तशीच दिसते. मागे सुटे दोरे लोंबताना दिसले तर ते जॅकार्डचे काम समजावे. पदर भरगच्च असेल तर एका लुगड्याला सहा महिने, कधी वर्षही लागते.

एवढ्या कष्टाची वस्तू घरच्या बाईने जाळायला दिली, म्हणून तिला नावे ठेवणे सोपे आहे. पण तिच्याकडे हिशेब होता. पैठणी नेसून विरली की अंग आधी जाई, काठ-पदर शाबूत राहत. ते उसवून नव्या कापडाला लावायचे. तेही जमेना झाले की मुलीचे परकर-पोलके शिवायचे, बाळाची कुंची बेतायची, एखादा तुकडा देव्हाऱ्यात अंथरायचा. रेशीम घडीवर तुटू लागले आणि कापड सुईलाही धरेना, की मग मोडीचा विचार. आजारपण, मुलीचे लग्न किंवा एखादे वाईट वर्ष मध्येच आले तर हा क्रम कोलमडे आणि चांगली पैठणीही मुशीत जाई. स्त्रीधनात पाटल्यांसारखीच तीही गाठीला बांधलेली पुंजी होती. आजच्या ‘टिकाऊ फॅशन’च्या चर्चेत जुन्या घरांना निसर्गप्रेमी ठरवण्याची हौस दिसते. त्या बायकांनी काहीही वाया घालवले नाही, हे खरे; पण वारसा म्हणून नक्षी जपायची, असेही त्यांच्या मनात नव्हते.

नुकसान झाले ते नक्षीचे. चांदी परत बाजारात आली, तिच्या वाट्या झाल्या, निरांजने झाली, कदाचित पुन्हा जरही झाला. मुशीत गेलेला पदर मात्र परत विणता येत नव्हता. तो कसा होता हे दाखवायला कागदच नव्हता. विणकर आलेखाच्या कागदावर नक्षी उतरवून ठेवू लागले ते फार पुढे. जुन्या पदरांचे जे नमुने आज पाहायला मिळतात, ते संग्रहालयांतले किंवा ज्यांना कधी जर मोडायची वेळ आली नाही अशा घरांतले. त्यामुळे जुन्या पैठणीची आपली कल्पना बरीचशी सधन घरांच्या पेटाऱ्यांवर बेतलेली आहे, हे विसरता कामा नये.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्स-जर्मनीचा यंत्रावरचा स्वस्त जर आला आणि हाताने तार ओढणाऱ्यांचे हात रिकामे होऊ लागले. पुढे सुरतेने हा धंदा आपल्याकडे ओढला. आता येवल्याच्या मागांवर बहुतेक ठिकाणी ‘टेस्टेड’ जर असतो, म्हणजे तांब्याची तार आणि वर चांदीचा नावापुरता थर. यंत्रमागावरच्या ‘सेमी’ पैठणीत तर चकाकते ते प्लॅस्टिक. चांदीच्या जरीची पैठणी हवी असेल तर आधी सांगावे लागते आणि किंमत ऐकून बहुतेकजण विचार बदलतात. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याआधी २००४ पासून ‘होम मिनिस्टर’ या टीव्ही कार्यक्रमातून आदेश बांदेकर घरोघरी पैठणी देत फिरत होतेच. मागणी वाढली आणि चढाओढीने जर स्वस्त होत गेला.

मुंबई-पुण्याच्या बुटिकांत सध्या जुन्या पदरांची जॅकेटे आणि बटवे शिवून मिळतात. चांदीचा जर असलेला पदर कापायला शिंपीही दोनदा विचार करतो, कारण मोडीचा रस्ता त्याच्यासाठी अजून खुला आहे. जर ओळखायचा तर एक धागा काढून ज्योतीवर धरतात. खऱ्या जरीत रेशीम जळते आणि बारीक तार तशीच राहते. प्लॅस्टिक आक्रसून काळी गोळी होते. जिच्या धाग्याची अशी गोळी झाली ती साडी जर विकत घेणारा हातही न लावता परत करतो, आणि ती बोहारणीच्या गाठोड्यात स्टीलच्या डब्याच्या बदल्यात जाते.