शहरी प्राथमिक शाळकरी मुलांमधील कुपोषणाचे मूल्यमापन
साधारण ६ ते १० वर्षे वयाच्या मुलांची शरीरवाढ, रक्तातील हिमोग्लोबिन आणि आहार तपासून पोषणातील कमतरता किंवा अतिरेक ठरवण्याची पद्धत. सहा वर्षांनंतर मूल अंगणवाडीच्या कक्षेबाहेर जाते आणि त्याचे नियमित वजन घेणे बहुधा थांबते. म्हणून शाळेतील तपासणीला विशेष महत्त्व आहे.

मोजमापांची तुलना जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या संदर्भतक्त्यांशी किंवा भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या वाढतक्त्यांशी करतात. जागतिक तक्त्यांनुसार वयाच्या मानाने उंची मध्यकापेक्षा दोन प्रमाण विचलनांहून अधिक कमी असल्यास वाढ खुंटलेली मानतात. शरीर वस्तुमान निर्देशांक (बीएमआय) तितकाच कमी असल्यास कृशता, तर मध्यकाच्या वर एक विचलन ओलांडल्यास अतिवजन. केवळ बीएमआयवर विसंबणे धोक्याचे ठरते. आठ वर्षांच्या मुलाची उंची ११४ सें.मी. आणि वजन २० किलो असेल, तर बीएमआय सुमारे १५.४, म्हणजे ठीक येतो. परंतु उंची स्पष्टपणे कमी असते. वर्षानुवर्षांचे अपुरे पोषण आणि वारंवारचे आजार अशा वेळी उंचीतूनच कळतात. अंगणवाडीत वापरली जाणारी दंडघेराची ११.५ सें.मी.ची मर्यादा पाच वर्षांखालील मुलांसाठी आहे. ती शाळेत लावू नये.

वय चुकले की वयानुसार उंचीचा निष्कर्षही चुकतो. शाळेच्या दाखल्यावर सोयीने लिहिलेली १ जून ही जन्मतारीख महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. त्यामुळे जन्मदाखला किंवा लसीकरण कार्ड पाहणे आवश्यक ठरते. उंची मोजताना बूट काढलेले आणि टाचा भिंतीला टेकलेल्या असाव्यात. वजनकाटा रोज तपासावा.

मापे सामान्य असूनही रक्तक्षय असू शकतो. ५ ते ११ वर्षे वयात हिमोग्लोबिन डेसिलिटरला ११.५ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो मानला जातो. डोळ्यांतील बिटॉटचे ठिपके ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव दाखवतात.

शहराची सरासरी फसवी असते: झोपडपट्टीतील कृश मूल आणि वडापाव, वेफर्सवर वजन वाढलेले मूल एकाच वर्गात बसलेले असू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (२०१३) वार्षिक तपासणी मुख्यतः सरकारी व अनुदानित शाळांत होते. वस्तीतल्या स्वस्त खाजगी शाळांतील मुले तिच्यातून सुटतात. सर्वेक्षणाचा नमुना निवडताना त्यांना वगळणे ही गंभीर त्रुटी आहे.