जागतिकीकरण आणि विकसित देशांतील उद्योजकता

माल, भांडवल, वार्ता व यंत्रविद्या यांचा देशोदेशींचा संचार सुलभ झाला, म्हणजे प्रगत देशांतील उद्योजकाचा धंदा कोणत्या दिशेने पालटतो, हा या नोंदीचा विषय होय. विषय पश्चिमेकडचा असला, तरी त्याचा सर्वांत स्पष्ट दाखला वऱ्हाडात सापडतो. बुलडाणा जिल्ह्यातील सुलतानपूरच्या मुलखात पिकणाऱ्या कापसाचा भाव परदेशांतील बाजारांशी निगडित झाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्याच जिल्ह्यातील खामगावचा कापूसबाजार हे त्या घडामोडीचे केंद्र होते.

१८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात इंग्लंडमधील लँकाशरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस दुर्मीळ झाला, तेव्हा गिरणीवाल्यांची दृष्टी १८५३ पासून इंग्रजी अमलाखाली आलेल्या वऱ्हाडाकडे वळली. युद्ध संपताच भाव कोसळले; कास्तकाराच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज मात्र राहिले, आणि या व्यापाराच्या इतिहासात त्या कर्जाला जे स्थान मिळावयास हवे ते क्वचितच मिळते. पुढे १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. १८७० मध्ये समुद्री तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली व त्याच वर्षी जलंब-खामगाव लोहमार्ग सुरू झाला. माल वाटेत असता भाव काय होईल याची जोखीम पत्करणे, हाच ज्यांच्या नफ्याचा आधार होता, त्या लिव्हरपूलच्या जुन्या आयातदारांचे महत्त्व यामुळे ओसरले आणि त्यांची जागा वायद्याच्या सौद्यांनी घेतली.

टिकले ते मालाच्या उगमापाशी गेलेले. समुद्रकिनारा नसलेल्या स्वित्झर्लंडमधील व्होल्कार्ट बंधूंनी १८५१ मध्ये विंटरथूर व मुंबई येथे एकाच वेळी पेढी स्थापिली, आणि पुढे खामगावातही खरेदीचे ठाणे घातले. चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून तंतूची लांबी पारखावयाची, सरकी काढलेली रुई दाबून गाठी बांधावयाच्या व त्या मुंबईस रवाना करावयाच्या, या कामांवर जातीने देखरेख ठेवणाऱ्या पेढीला मधल्या दलालाची गरज उरत नसे. याच पेढीच्या भागीदारीत टाटांनी १९५४ मध्ये व्होल्टास ही कंपनी काढली.

लँकाशरची कथा याहून कठोर आहे. १८४३ मध्ये इंग्लंडने यंत्रनिर्यातीवरील बंदी उठविल्यावर ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने मुंबई व जपानच्या गिरण्यांना चात्या पुरविल्या, अर्थात स्वदेशीय विणकराच्या प्रतिस्पर्ध्यांनाच सज्ज केले. आणि १९२९ मध्ये त्याच प्लॅटला जपानच्या तोयोडांकडून स्वयंचलित मागाचे हक्क विकत घ्यावे लागले. स्वस्त मजुरी हेच प्रगत देशांतील धंद्यांच्या ऱ्हासाचे कारण, असे जे सर्रास सांगितले जाते, ते या उदाहरणापुढे अपुरे ठरते.

अलीकडे मालाऐवजी हक्कांचाच व्यापार प्रबळ झाला आहे. अमेरिकेच्या मोन्सँटोने १९९८ मध्ये जालन्याच्या महिको कंपनीत भागभांडवल घेतले. २००२ मध्ये या भागीदारीतून आलेल्या, जनुकीय बदल केलेल्या बीटी कापसाला मान्यता मिळाली, आणि कास्तकार विकत घेत असलेल्या बियाण्याच्या पाकिटाच्या किमतीत परवान्याचे शुल्कही समाविष्ट झाले.