पाणी कुणाच्या हातचं?

इतिहास म्हटलं की आपल्याला गड, लढाया आणि राजे आठवतात. आज आम्ही सांगणार आहोत तो इतिहास घरातल्या माठाचा आणि चुलीचा आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यात एका बाईने ठरवलं, की आता मी कुणाच्याही हातचं पाणी पिईन आणि कुणाच्याही हातचं अन्न खाईन. आज ऐकताना यात काय मोठं, असं वाटेल. पण त्या काळी एवढ्या एका गोष्टीने माहेर तुटत होतं, नातेवाईक तुटत होते, गावातली जागा जात होती. ती बाई म्हणजे लक्ष्मीबाई टिळक.

आपल्या गटांमध्ये सगळ्या धर्मांच्या बाया आहेत. ख्रिस्ती मैत्रिणीही आहेत. त्यांना कुणीतरी कधीतरी विचारतंच, तुमच्याकडे धर्म बदलला म्हणजे नेमकं काय होतं? एका दिवसात माणूस दुसरंच होतं का? लक्ष्मीबाईंची गोष्ट या प्रश्नाचं चांगलं उत्तर आहे. त्यांची श्रद्धा एका दिवसात आली नाही. ती वर्षानुवर्षं, स्वयंपाक करता करता, मुलं वाढवता वाढवता, आजाऱ्याच्या उशाशी बसून वाढत गेली.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. सगळ्या त्यांना मनू म्हणत. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली होती. त्या धक्क्यानंतर वडिलांच्या मनात विटाळाची भीती जी बसली, ती कायमची. घरात सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेली वस्तूसुद्धा धुतल्याशिवाय आत यायची नाही. कोण कुणाला शिवलं, कुणाची सावली पडली, यातच घरातल्या बायकांचा दिवस जाई. आईचे हात पाण्यात आणि जीव धाकात. लहान मनूने हे सगळं पाहिलं आणि तेच खरं म्हणून मनात धरलं. दुसरं काही तिने पाहिलंच नव्हतं.

त्याच १८६८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला होता. पण पुण्याची ती हवा जलालपूरच्या वाड्यापर्यंत पोचायला पुष्कळ वर्षं जायची होती.

अकराव्या वर्षी मनूचं लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक, कोकणातला, वयाने सहा-सात वर्षांनी मोठा. लग्नानंतर ती लक्ष्मी झाली. टिळक विद्वान, कवी, वक्ते. पण संसारात अगदी कच्चे. रागीट तसेच भोळे. आज या गावी नोकरी, उद्या दुसऱ्या गावी. हातात पैसा टिकायचा नाही, कुणी मागितलं की देऊन मोकळे. अशा माणसाचा संसार करणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या पुष्कळजणींना सांगायला नको. लक्ष्मीबाईंना शाळा माहीत नव्हती. जेमतेम लिहिता-वाचता यायला लागलं ते लग्नानंतर, नवऱ्याच्या हट्टाने.

१८९३ च्या सुमारास टिळक आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी बोलणं झालं आणि त्याने त्यांना बायबलचा नवा करार भेट दिला. टिळक वाचू लागले. येशूने डोंगरावर केलेल्या उपदेशाजवळ ते थांबले. शत्रूवरही प्रेम करा, देवाची सेवा करायची तर माणसाची करा, ही शिकवण त्यांच्या मनात घर करून राहिली. जातपात मोडली पाहिजे हे त्यांना आधीच वाटत होतं. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, म्हणजे पाण्याचा विधी होऊन ते ख्रिस्ती मंडळीत आले.

बायकोला त्यांनी विचारलं नव्हतं. बातमी आली तेव्हा लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत आहे, त्याचं आपल्यावर प्रेमही आहे, पण त्याच्या घरी जायचं तर धर्म जातो. आणि गेलं नाही तर संसार जातो. त्या अंथरुणाला खिळल्या. पुढची चारेक वर्षं त्या नातेवाइकांकडे राहिल्या, काही काळ पंढरपुरात बहिणीच्या घरी. विठोबाच्या गावात दिवस काढत होत्या आणि नवऱ्याच्या पत्राची वाट पाहत होत्या. त्याच दुःखात त्यांना कविता सुचू लागली.

शेवटी त्या नवऱ्याकडे गेल्या. पण ख्रिस्ती व्हायला नव्हे. नवरा आपला आहे, त्याच्याजवळ राहायचं, पण आपलं सोवळं सोडायचं नाही, असं ठरवून गेल्या. टिळक तेव्हा नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत होते. एकाच संसारात दोन व्यवहार सुरू झाले. तिचा स्वयंपाक वेगळा, तिचं पाणी वेगळं. आणि टिळकांची एक गोष्ट आपण मान्य केली पाहिजे. या बाबतीत त्यांनी तिच्यावर जबरदस्ती केली नाही. एवढा तापट माणूस, पण इथे त्यांनी वाट पाहिली.

आता हे पाणी इतकं महत्त्वाचं का, ते नीट समजून घेऊ. नगर जिल्ह्यात तेव्हा जे ख्रिस्ती झाले होते ते बहुतेक महार आणि मांग समाजातले होते. ब्राह्मणांतून आलेले अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. म्हणजे लक्ष्मीबाईंच्या शेजारी राहणाऱ्या, प्रार्थनेला येणाऱ्या, घरात ये-जा करणाऱ्या बाया त्या होत्या, ज्यांची सावलीही जलालपूरच्या वाड्यात चालली नसती. त्यांच्या हातचा तांब्या घेणं म्हणजे वडिलांनी आयुष्यभर जे जपलं ते सोडणं. देवावर विश्वास आहे असं तोंडाने म्हणायला सोपं असतं. शेजारणीच्या माठातलं पाणी घोटभर पिणं लक्ष्मीबाईंना त्याहून कितीतरी अवघड होतं.

बायबलमध्ये एक गोष्ट आहे. उन्हाच्या वेळी येशू एका विहिरीपाशी बसला आहे आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी बाईकडे तो पाणी मागतो. ती चकितच होते, कारण यहुदी लोक शोमरोनी लोकांशी असा व्यवहार ठेवत नसत. पाणी देणारी बाई, पाणी मागणारा देवमाणूस, आणि मध्ये विटाळाची भिंत. ही गोष्ट आपल्या गावांतल्या बायांना जेवढी कळेल तेवढी क्वचितच कुणाला कळेल.

लक्ष्मीबाईंच्या मनातली भिंत हळूहळू खचली. कुणी व्याख्यान दिलं म्हणून नाही. रोज दिसणाऱ्या माणसांमुळे. ही बाई माझ्यासारखीच कष्ट करते, हिचं लेकरू आजारी पडलं की माझ्यासारखीच रडते, मग हिच्या हातात असं काय आहे? विचार करता करता त्यांना एक दिवस लख्ख उमगलं, की देवाने केलेल्या जाती दोनच, बाई आणि पुरुष. बाकीच्या सगळ्या माणसाने केलेल्या. त्यांनी नवऱ्याला सांगितलं, आजपासून मी कुणाच्याही हातचं खाईन. ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मकथेत त्यांनी हे सगळं सांगितलं आहे. यानंतर, १९०० साली, त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी.

क्रम लक्षात घ्या, मैत्रिणींनो. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. आधी जगणं बदललं, मग नाव बदललं. पुष्कळदा आपल्याकडे हे उलटं होतं. नाव बदलतं, देव्हारा बदलतो, पण दारातला पाण्याचा पेला वेगळाच राहतो. नगरच्या चर्चमध्येही जुन्या जाती लगेच पुसल्या गेल्या नव्हत्या. एकाच येशूचं नाव घेणारे लोक एकमेकांपासून अंतर राखून बसत होते. म्हणून लक्ष्मीबाईंचं ते पाणी पिणं ख्रिस्ती लोकांनाही शिकवणारं होतं.

बाप्तिस्म्याने गोष्ट संपली नाही. खरी परीक्षा पुढे होती. १८९९-१९०० चा तो मोठा दुष्काळ. नगर जिल्हा आधीच कमी पावसाचा, त्यात चारा नाही, दाणा नाही. आईबाप गेलेली, टाकून दिलेली पोरं रस्त्यावर भटकत होती. मिशनने अनाथाश्रम उघडले. टिळकांच्या घरातही अशी मुलं आली. आणायचं काम टिळकांचं. त्यांना दया यायची आणि ते पोराला हाताला धरून घरी आणायचे. पण मूल घरी आल्यावर त्याला अंघोळ घालणं, खरूज धुणं, डोक्यातल्या उवा काढणं, पातळ पेज भरवणं, रात्री रडलं तर उठणं, हे काम लक्ष्मीबाईंचं. पोटच्या पोराला मिळेल तेच या मुलांना मिळायचं. ज्या हातांना लहानपणी शिवणं म्हणजे पाप असं शिकवलं होतं, तेच हात आता कुणाच्याही लेकराला कुशीत घेत होते.

प्लेगच्या साथीचेही तेच दिवस. १८९६ मध्ये मुंबईत साथ सुरू झाली आणि मग गावोगाव पसरली. घरातला माणूस आजारी पडला तर घरचेच लांब पळत. १८९७ मध्ये पुण्यात सावित्रीबाई फुल्यांनी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करताच प्राण सोडला. पुढे साथ नगरकडे आली तेव्हा लक्ष्मीबाईही रोग्यांच्या सेवेला गेल्या. दोघींचे विचार वेगळ्या वाटांनी आलेले, पण दोघींचे हात त्याच कामाला लागले होते.

त्यांच्या घराचं दार किती मोठं होतं, याचं आणखी एक उदाहरण सांगतो. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक कोवळा मुलगा पुढे आला. त्यालाच आपण बालकवी म्हणून ओळखतो. पुढे तो टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखं सांभाळलं. त्याचे रुसवे काढले, त्याला जेवू घातलं. तो हिंदू होता आणि हिंदूच राहिला. कुणी त्याला धर्म बदल म्हटलं नाही. श्रद्धा पक्की असली की ती दुसऱ्याच्या श्रद्धेला घाबरत नाही, हे त्या घरात दिसत होतं.

प्रार्थनेची भाषाही त्यांनी आपली ठेवली. टिळक म्हणायचे की तुकोबांच्या वाटेनेच ते ख्रिस्तापर्यंत पोचले. त्यांनी अभंगांच्या चालीवर ख्रिस्ती भजनं रचली, टाळ-मृदंग घेऊन कीर्तनं केली. आजही महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये ती भजनं गातात. लक्ष्मीबाईंनाही आपलं मराठीपण सोडावं लागलं नाही.

९ मे १९१९ ला टिळक गेले. लक्ष्मीबाई पन्नाशीच्या होत्या. ज्या श्रद्धेकडे त्या नवऱ्याच्या मागून आल्या असं लोक समजत होते, ती नवऱ्यामागे टिकते का, हे आता दिसणार होतं. ती टिकली. पुढे त्या मुलाकडे कराचीला राहिल्या. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे येशूच्या जीवनावरचं मोठं काव्य सुरू केलं होतं. दहा अध्याय झाले आणि ते गेले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. १९३४ मध्ये ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला. मराठीतल्या सर्वांत चांगल्या आत्मकथांमध्ये आज त्याचं नाव घेतात. भाषा अशी, की ओसरीवर बसून कुणी बाई बोलते आहे. स्वतःची फजिती त्या हसत सांगतात, नवऱ्याचे गुणदोष दोन्ही सांगतात, आणि देवाचं नाव फार न घेता देवाबद्दल पुष्कळ सांगून जातात. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्यांचं निधन झालं.

लक्ष्मीबाईंनी घरात पाणी प्यायलं त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. तो हक्काचा लढा होता, चारचौघांत लढलेला, आणि तो ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचा होता. लक्ष्मीबाईंचा लढा अन्याय करणाऱ्यांच्या घरातला, आपल्याच मनाशी केलेला. दोन्हींची बरोबरी आम्ही करत नाही. पण कायदा तळ्यापर्यंत पोचला तरी स्वयंपाकघरापर्यंत पोचायला आपल्यासारखी कुणीतरी बाई लागते, एवढं नक्की.

म्हणून या वेळी गटाच्या बैठकीत बोलायला तीन प्रश्न देतो. आपल्या गटाच्या बैठका कुणाच्या घरी होतात आणि कुणाच्या घरी कधीच होत नाहीत? हळदीकुंकवाला, नाताळाला, ईदेला आपण एकमेकींच्या घरी जेवतो, की नुसतं तोंड दाखवून येतो? आणि आपल्या मुलांना आपण कुणाच्या घरचं खाऊ नका असं सांगितलं आहे? उत्तरं वहीत लिहायची गरज नाही. एकमेकींना खरी सांगितली तरी पुरे. आणि ज्या घरी आजवर बैठक झाली नाही, त्या घरच्या मैत्रिणीला विचारा. ती हो म्हणाली, तर पुढची बैठक तिच्या घरी घ्या, आणि चहा तिलाच करू द्या.