पोप दामासस आणि रोमच्या चर्चची लॅटिन भाषा

रोमच्या चर्चची आद्य भाषा लॅटिन नव्हे, ग्रीक होय. पौलाने रोमकरांस पत्र लिहिले ते ग्रीकमध्ये. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमहून कॉरिंथला गेलेले क्लेमेंटचे पत्रही ग्रीकच आहे. कॅलिस्टसच्या भुयारी दफनभूमीत तिसऱ्या शतकातील पोंटियन, अँटेरस, फॅबियन व ल्यूशियस ह्या पोपांच्या थडग्यांवर त्यांची नावे ग्रीकमध्ये कोरलेली आहेत. कॉर्नेलियसचा लेख तेवढा लॅटिन. चौथ्या शतकाच्या अखेरीस मात्र हेच चर्च लॅटिनमध्ये प्रार्थना करताना आणि स्वतःचा पूर्वेतिहास लॅटिन पद्यात कोरताना दिसते. ह्या स्थित्यंतराचे श्रेय इ. स. ३६६ ते ३८४ ह्या काळात रोमचा बिशप असलेल्या दामाससला देण्याचा प्रघात आहे. हे श्रेय कितपत योग्य आहे आणि त्याच्या नेतृत्वात भाषेचे कार्य नेमके कोणते होते, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घ्यावयाचा आहे.

भाषेकडे वळण्यापूर्वी ह्या मनुष्याच्या हाती सत्ता कशी आली ते पाहिले पाहिजे. कारण पुढील पुष्कळ गोष्टींचे मूळ तेथे आहे. पोप लिबेरियस २४ सप्टेंबर ३६६ रोजी निवर्तला. त्याच्या पश्चात एका पक्षाने उर्सिनसची निवड केली, दुसऱ्याने दामाससची. हा वाद शब्दांवर थांबला नाही. सिसिनिनसच्या बॅसिलिकेत एकाच दिवशी एकशे सदतीस प्रेते सापडल्याचे अम्मिआनस मार्सेलिनस ह्या इतिहासकाराने नमूद केले आहे. नगराधिपती विवेंशियस ह्याला हा दंगा आवरता आला नाही आणि तो उपनगरात निघून गेला. उर्सिनसच्या पक्षाने लिहिलेल्या वृत्तांतात मृतांची संख्या एकशे साठ असून दामाससने सारथी व थडगी खोदणारे कामकरी भाड्याने आणल्याचा आरोप आहे. हा वृत्तांत उघडच पक्षपाती आहे. परंतु अम्मिआनस ख्रिस्ती नव्हता. दोघांपैकी कोणाचाही कैवार घेण्याचे त्याला कारण नव्हते, आणि म्हणून त्याची साक्ष बाजूस सारता येत नाही. दामाससच्या चरित्रकारांनी ह्या प्रकरणावरून घाईने पुढे जावे हे समजण्यासारखे आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला ती मोकळीक नाही.

पुढे प्रीटेक्स्टाटस ह्या अ-ख्रिस्ती नगराधिपतीने उर्सिनसला हद्दपार करून शांतता प्रस्थापित केली. मला रोमचा बिशप करा, मी तात्काळ ख्रिस्ती होतो, असे तो दामाससला थट्टेने म्हणत असे, ही आठवण जेरोमने नोंदविली आहे. त्या पदाला केवढे ऐश्वर्य प्राप्त झाले होते, हे ह्या थट्टेवरून कळते. ३७० साली सम्राट व्हॅलेंटिनियनने दामाससच्याच नावे एक कायदा धाडला: धर्मसेवकांनी विधवांच्या घरी जाऊ नये व त्यांच्याकडून मृत्युपत्राने संपत्ती घेऊ नये. धनिक स्त्रियांच्या कानाशी लागणारा, अशी खुद्द दामाससची हेटाळणी त्याचे शत्रू करीत. वैध निवडीविषयीचा संशय त्याचा दीर्घकाळ पाठलाग करीत होता.

अशा संशयग्रस्त अधिकाराला आधार हवा होता. तो दामाससने हुतात्म्यांच्या थडग्यांत शोधला. रोमभोवतालच्या भुयारी दफनभूमी त्याने स्वच्छ करविल्या, जिने व वाटा बांधविल्या आणि तेथे संगमरवरी फलकांवर स्वरचित पद्ये कोरविली. त्यांपैकी सुमारे साठ आज पूर्ण किंवा तुटक स्वरूपात ज्ञात आहेत. अक्षरे फ्युरियस डायोनिशियस फिलोकॅलस ह्या कुशल लेखनिकाची असून त्यांच्या टोकांना केसासारख्या बारीक वळणदार रेषा आहेत. ह्या वळणावरूनच एखादा लहानसा तुकडाही ओळखता येतो. डे रॉस्सी ह्याने १८५४ मध्ये कॅलिस्टसच्या दफनभूमीतील पोपांचे दालन शोधून काढले, तेव्हा दामाससच्या फलकाचे असेच तुकडे जुळविण्यात आले.

पद्यांची भाषा येथे महत्त्वाची. वृत्त हेक्झामीटर, शब्दकळा बहुतांशी व्हर्जिलची. रसिकांना ती फारशी सरस वाटलेली नाहीत, आणि त्यांत पुनरुक्ती आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु शाळेत व्हर्जिल घोकलेल्या उच्चकुलीन रोमकराला ख्रिस्ती हुतात्मा प्रथमच त्याच्या परिचयाच्या वीरकाव्याच्या भाषेत भेटत होता. पीटर व पौल ह्यांच्यावरील पद्यात तर, हे शिष्य पूर्वेने पाठविले हे आम्ही मान्य करतो, पण त्यांनी येथे रक्त सांडल्यामुळे त्यांना आपले नागरिक म्हणण्याचा अधिकार रोमचा आहे, अशा अर्थाचा दावा केलेला आहे. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने त्या नगरास, ते नवे रोम असल्यामुळे, रोमच्या खालोखाल मान दिला. दामाससचा दावा राजधानीच्या मोठेपणावर नव्हे, प्रेषितांवर उभा होता. पूर्वेकडील बिशपांना लिहिलेल्या एका पत्रात तो त्यांना रूढीप्रमाणे ‘बंधू’ न म्हणता ‘पुत्र’ म्हणतो. संबोधनातील हा एक शब्द अनेक ठरावांपेक्षा अधिक बोलका आहे.

आपल्याकडील वाचकाला येथे ज्ञानेश्वरांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. पण ती तुलना दिशाभूल करणारी ठरेल. गीतेचा अर्थ देशी भाषेत आणणे ही एक गोष्ट. बाजारातील लॅटिन सोडून महाकाव्याची लॅटिन उचलणे ही दुसरी. जवळचे उदाहरण हवेच असेल तर ते फादर थॉमस स्टीफन्सचे घ्यावे. १६१६ मध्ये राचोल येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त त्याने ख्रिस्तकथेसाठी मराठी संतांची ओवी निवडली; तेथेही आशय नवा व साचा प्रतिष्ठित आहे.

प्रार्थनेची भाषा बदलल्याचा दामाससचा एकही हुकूम उपलब्ध नाही. इ. स. ३६० च्या सुमारास मारियस व्हिक्टोरिनस आपल्या लॅटिन ग्रंथात अर्पणप्रार्थनेतील शब्द ग्रीकमधून देतो. दामाससच्या कारकीर्दीत रोममध्ये लिहिणारा, अँब्रोझियास्टर ह्या नावाने ओळखला जाणारा भाष्यकार त्याच प्रार्थनेतील शब्द लॅटिनमध्ये देतो. म्हणजे संक्रमण ह्या दरम्यान पूर्ण होत आले असावे. सामान्य भाविकांची बोली त्याआधीच लॅटिन झाली होती; दामाससच्या काळात वेदीवरील भाषा तिच्याशी जुळली, एवढेच म्हणता येते.

बायबलच्या बाबतीत मात्र त्याचा पुढाकार स्पष्ट आहे. ३८२ मध्ये रोमला आलेल्या जेरोमला त्याने आपला लेखनसाहाय्यक केले आणि लॅटिन शुभवर्तमाने मूळ ग्रीकशी ताडून सुधारण्याचे काम सोपविले. हस्तलिखिते जितकी तितकेच जवळजवळ पाठ, अशी जेरोमची तक्रार होती. तरी त्याने नवे भाषांतर केले नाही; अर्थ बिघडत होता तेथेच हात घातला व बाकीचे तसेच ठेवले. लोकांच्या जिभेवर रुळलेला शब्द बदलला की ते आपल्याला खोटा ठरवतील, हे तो जाणून होता, आणि प्रस्तावनेत त्याने तसे दामाससला लिहिलेही आहे.

ते भय खरे ठरले. ११ डिसेंबर ३८४ रोजी, सुमारे ऐंशीव्या वर्षी, दामासस मरण पावला आणि पुढल्याच वर्षी जेरोमला रोम सोडावे लागले. पोपांच्या दालनातील पद्यात दामाससने लिहून ठेवले होते की, आपला देह येथेच ठेवण्याची इच्छा होती, पण पुण्यवंतांच्या अस्थींना उपद्रव होईल ह्याचे भय वाटले. त्याला आर्देआतीना मार्गावर, आई व बहीण ह्यांच्याजवळ पुरण्यात आले.