पुण्याचा आरसा आणि अवकाशातल्या दुर्बिणी

सोलापूरहून रेल्वेने पुण्याकडे निघाले की वाटेत करमाळा तालुक्यातले जेऊर लागते. 22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली या गावावरून गेली. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ कॅम्पबेल येथे तळ ठोकून होते आणि पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवालाही आपली तुकडी घेऊन आले होते.

भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून नेगमवालांनी 1888 मध्ये पुण्यात वेधशाळा उभारली. डब्लिनच्या ग्रब कारखान्यात घडलेल्या तिथल्या दुर्बिणीचा आरसा 20 इंची, म्हणजे सुमारे 51 सेंटिमीटरचा होता. त्या काळी भारतात एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती. पण सारा कारभार एका माणसावर चालत होता. 1912 मध्ये नेगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकॅनॉलच्या वेधशाळेत गेली. आरसा शाबूत होता. त्यामागे उभी राहणारी पुढची पिढीच तयार झालेली नव्हती.

28 सप्टेंबर 2015 रोजी भारताचा खगोल-उपग्रह ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ अवकाशात गेला. त्यावरच्या अतिनील दुर्बिणींचे आरसे जेमतेम 37.5 सेंटिमीटरचे, नेगमवालांच्या आरशाहूनही लहान. तरीही पुण्याच्या आरशाला जे कधीच दिसले नसते ते त्यांनी टिपले, कारण वातावरण, विशेषतः ओझोनचा थर, बहुतेक अतिनील प्रकाश जमिनीपर्यंत येऊ देत नाही. या दुर्बिणींच्या वेधांतून पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतले कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका दीर्घिकेचा 9.3 अब्ज वर्षांपूर्वी निघालेला तीव्र अतिनील प्रकाश शोधला. हे संशोधन 2020 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे 2023 मध्ये निघालेल्या ‘आदित्य-एल1’ या सूर्यवेधी यानावरची ‘सूट’ ही सौर दुर्बीणही आयुकाच्या पुढाकाराने तयार झाली.

अवकाश दुर्बिणीचे काम पिढ्यांचे असते. खगोलशास्त्रज्ञ लायमन स्पिट्झर यांनी 1946 मध्ये कल्पना मांडली आणि 2.4 मीटर आरशाची ‘हबल’ 1990 मध्ये वर गेली. 6.5 मीटरच्या ‘जेम्स वेब’चा आरसा अठरा तुकड्यांचा, घडी करून नेलेला, ती 2021 च्या नाताळात निघाली. दूरच्या ताऱ्यांभोवती राहण्याजोगे ग्रह शोधण्यासाठी नासा आखत असलेली साधारण सहा मीटरची दुर्बीण 2040 च्या दशकातली आहे. भारतातही ‘इन्सिस्ट’ या एक मीटर आरशाच्या अतिनील दुर्बिणीचा प्रस्ताव आहे. 1912 मध्ये पुण्यात पडला तसा खंड पुन्हा पडू द्यायचा नसेल, तर अ‍ॅस्ट्रोसॅटची वारसदार दुर्बीण वेळेत वर जायला हवी.