विजेची नाव

विजेवर नाव चालविण्याची खटपट जुनी आहे. इ. स. १८३८ मध्यें मोरिट्झ याकोबी या शास्त्रज्ञानें सेंट पीटर्सबर्ग येथें नेवा नदीवर, झार निकोलस याच्या द्रव्यसाहाय्यानें, सुमारें २८ फूट लांबीची नाव विजेनें चालविली. तींत डझनभर माणसें बसत. परंतु विद्युत्‌घटांत जस्त झिजे, आणि जस्त कोळशाहून महाग. म्हणून वाफेपुढें तिचा टिकाव लागला नाहीं.

१८८१ मध्यें पॅरिसच्या गुस्ताव्ह त्रूव्हे यानें सीन नदीवर लहानशा नावेच्या सुकाणूलाच मोटर व पंखा जोडला. सुकाणू काढलें कीं सारें यंत्र बाहेर! उथळ पाण्यांतील होडीस याहून सोयीचें तें काय? घट मात्र अजून जस्तच खात होते. मोटर केव्हांच सिद्ध होती. खोळंबा झाला तो हलक्या व स्वस्त घटासाठीं.