पब्लिक वर्क्स खात्यातील इंजिनिअरांची निवड (१८५४-१९०६)

लॉर्ड डलहौसीने १८५४ च्या सुमारास सार्वजनिक बांधकामे लष्करी मंडळाच्या हातून काढून स्वतंत्र पब्लिक वर्क्स खात्याकडे सोपविली, त्या वेळी नव्या खात्यापुढे पैशाइतकाच माणसांचा प्रश्न होता. आदल्याच वर्षी मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला होता आणि त्याच वर्षी गंगेचा कालवा वाहू लागला होता. कामे वाढत होती. ती करून घेणारे मात्र बहुतांशी पलटणीतून उसने आणलेले लष्करी इंजिनिअर होते. युद्ध उद्भवले की ते परत जात आणि अर्धवट काम तसेच पडून राही. या अडचणीतून पुढील पन्नास वर्षांत निवडीच्या ज्या निरनिराळ्या पद्धती निघाल्या, त्यांचा इतिहास खात्याच्या कामांच्या इतिहासाहून कमी बोधप्रद नाही. तथापि धरणे व पूल यांविषयी जेवढे लिहिले गेले, तेवढे ते बांधणारी माणसे कशी निवडली गेली याविषयी लिहिले गेलेले नाही.

माणसे इकडेच तयार करावीत, हा पहिला मार्ग. रुरकी येथे १८४७ मध्ये निघालेल्या आणि पुढे थॉमसनचे नाव लाभलेल्या विद्यालयात आरंभापासूनच तीन वर्ग होते. वरच्या वर्गातून इंजिनिअर, मधल्यातून मुख्यतः गोऱ्या सैनिकांमधील ओव्हरसिअर आणि खालच्या वर्गातून देशी भाषेत शिकलेले एतद्देशीय सब-ओव्हरसिअर बाहेर पडत. पुण्यात १८५४ मध्ये निघालेल्या इंजिनिअरिंग वर्गाचा उद्देश तर याहूनही मर्यादित होता. खात्यासाठी दुय्यम दर्जाचे नोकर तयार करणे, एवढेच त्याचे काम ठरले होते. पुढे हा वर्ग मुंबई विद्यापीठास जोडला गेला, १८६५ मध्ये सर बार्टल फ्रियरच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली आणि एल. सी. ई. ही पदवीतुल्य परीक्षा सुरू झाली. शिक्षणाची पातळी चढली. नोकरीची पातळी मात्र त्या मानाने चढली नाही.

येथे भाषेचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. इंजिनिअर, ओव्हरसिअर, सब-ओव्हरसिअर हे शब्द मराठीत जसेच्या तसे आले व रुळले. परंतु मराठीत ते कोणत्याही विशिष्ट कामाचे वाचक राहिले नाहीत, पगारपत्रकातील पायरीचे वाचक झाले. गवंडी, सुतार, पाथरवट, मिस्त्री हे शब्द मनुष्य काय करतो ते सांगतात. ओव्हरसिअर हा शब्द तो कोणाच्या खाली व कोणाच्या वर आहे, एवढेच सांगतो.

दुसरा मार्ग विलायतेतून माणसे आणण्याचा. लॉर्ड स्टॅन्ली हा भारतमंत्री असताना मुलकी इंजिनिअरांना करार करून पाठविण्यास आरंभ झाला आणि त्यानंतर स्पर्धापरीक्षांचाही अवलंब करण्यात आला. पण पुरेशा संख्येने चांगले उमेदवार मिळेनात. तेव्हा कर्नल जॉर्ज चेस्नी याने असा युक्तिवाद केला की, तयार इंजिनिअर शोधीत बसण्यापेक्षा सरकारने होतकरू तरुण निवडून त्यांना आपल्या गरजेप्रमाणे शिकवावे. ड्यूक ऑफ आर्गाइल या भारतमंत्र्याने ही योजना मान्य केली, आणि १८७१ मध्ये सरे परगण्यातील एगम गावाजवळ कूपर्स हिल येथे रॉयल इंडियन इंजिनिअरिंग कॉलेज स्थापन झाले. (हाच चेस्नी त्याच वर्षी इंग्लंडवरील काल्पनिक परकीय स्वारीची कथा लिहून गाजला. स्वदेशाच्या दुर्बलतेविषयी एवढी धास्ती बाळगणारा हा गृहस्थ साम्राज्याच्या नोकरभरतीविषयी मात्र निःशंक होता.) अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता, त्यात मोजणी, बांधकामशास्त्र व प्रत्यक्ष कामावरील अनुभव यांचा समावेश होता. शुल्क उमेदवाराच्या कुटुंबाने भरावयाचे आणि यशस्वी उमेदवारास हिंदुस्थानातील जागा मिळावयाची, असा तो व्यवहार होता.

या योजनेत तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. आपल्याला कोणते काम करून घ्यावयाचे आहे ते आधी ठरवून त्याप्रमाणे माणूस घडविणे, हा विचार त्या काळी नवा होता व योग्यही होता. दोष निराळ्या ठिकाणी होता. नेमणुकांचा शब्द चार-पाच वर्षे आधी द्यावा लागे आणि खात्याची गरज दरवर्षी पालटे. १८७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस दुष्काळ व अफगाण युद्ध यांमुळे काटकसर सुरू झाली, तेव्हा जागा कमी झाल्या आणि कॉलेजला इतर उमेदवारांसाठी दारे उघडावी लागली. १८८५ पासून तेथे वनविद्याही शिकविली जाऊ लागली. याहून मोठा दोष असा की, कूपर्स हिलला दिलेली प्रत्येक हमी ही रुरकी, पुणे, मद्रास व कलकत्ता येथील विद्यार्थ्यांच्या वाट्यातून वजा होत असे. त्यांच्यासाठी वर्षाकाठी मोजक्याच जागा राखलेल्या असत.

या मोजक्या जागांचा परिणाम पुण्यात काय झाला, हे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते. म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले, १८८३ मध्ये परीक्षेत पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या खात्यात असिस्टंट इंजिनिअर झाले. पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्यास ही नेमणूक मिळे. दुसऱ्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले, हे चरित्रग्रंथ सांगत नाहीत. परंतु निवडीच्या पद्धतीचे खरे परीक्षण त्याच्याकडे पाहूनच करावयास हवे. परीक्षेतील थोड्या गुणांचे अंतर त्याच्या साऱ्या आयुष्याचे अंतर ठरे. त्याला दुय्यम जागा पत्करावी लागे, किंवा एखादे संस्थान अथवा नगरपालिका शोधावी लागे.

१८८६ मध्ये नेमलेल्या लोकसेवा आयोगानंतर जी पुनर्रचना झाली, तीत १८९२ पासून खात्यातील इंजिनिअरांचे इम्पीरियल व प्रॉव्हिन्शियल असे दोन भाग पडले. विलायतेत नेमलेले ते पहिले, येथे नेमलेले ते दुसरे. दोघांचे काम एकच, जबाबदारी एकच, हुद्द्यांची नावेही तीच. फक्त दुसऱ्यांचा पगार बराच कमी. एकाच कालव्यावरील दोन शेजारच्या विभागांचे दोन एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर एकाच मापाचे काम करून निराळे वेतन घेऊ शकत. कामाचे मोल काम पाहून नव्हे, तर नेमणूक कोणत्या किनाऱ्यावर झाली ते पाहून ठरविण्याची ही व्यवस्था कोणाही नेमणूक करणाऱ्याने अभ्यासावी अशी आहे. तिच्यामुळे खात्याला काही वर्षे स्वस्तात माणसे मिळाली खरी. पण वर जाण्याची वाट अरुंद आहे हे पक्के ठाऊक असलेला बुद्धिमान तरुण अशा खात्याकडे किती काळ वळत राहणार, हा विचार कोणी केलेला दिसत नाही.

कूपर्स हिल १९०६ मध्ये बंद झाले. इंग्लंडातील विद्यापीठांतून आता पुरेसे इंजिनिअर बाहेर पडत होते आणि त्यांतून निवड समितीमार्फत माणसे घेणे कमी खर्चाचे होते. म्हणजे पस्तीस वर्षांनी सरकार पुन्हा तयार माणूस शोधण्याच्या मार्गावर आले. दोन शाखांचा भेद मात्र कॉलेजाबरोबर गेला नाही.

तोवर विश्वेश्वरय्यांनी सक्करचा पाणीपुरवठा, नीरा कालव्यावरील पाळीपद्धती, खडकवासल्याच्या सांडव्यावरील स्वयंचलित दारे आणि एडनच्या पाणीपुरवठ्याची व गटारांची योजना एवढी कामे केली होती. अनेक वरिष्ठांना मागे टाकून ते सुपरिंटेंडिंग इंजिनिअर झाले. चीफ इंजिनिअरची जागा मात्र तेव्हाच्या वहिवाटीप्रमाणे त्यांच्या आवाक्यात नव्हती. नोकरीची पंचवीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, १९०८ मध्ये, त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. दुसऱ्याच वर्षी म्हैसूर संस्थानाने त्यांना आपले चीफ इंजिनिअर नेमले, आणि कृष्णराजसागराचे काम १९११ मध्ये सुरू झाले.